भाड्याचं जॅकेट: नौपाडा ते गुलमर्ग, 69 दिवस

दुकान पहिल्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की कुणी बॅग घेऊन उतरत असेल तर आपण खालीच थांबायचं. दारापर्यंत पोचायच्या आधीच डांबरगोळ्यांचा वास येतो. नौपाड्यात, गोखले रोडपासून दोन मिनिटांवर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार आहे, आणि त्या तक्रारीत अर्धा वाटा माझाही आहे. थंडीचे कपडे भाड्यानं देणारी दुकानं ठाण्यात काही ढिगानं नाहीत. ज्याला शोधायचं तो शोधेल.

मी कळव्याचा. वागळे इस्टेटमध्ये 22 वर्षं बॉयलर चालवला, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आहे. कंपनी गुजरातला गेली, तेव्हापासून मिळेल ते कंत्राटी काम. डिसेंबरच्या शेवटी ओळखीच्या कंत्राटदाराचा फोन आला. गुलमर्गच्या एका हॉटेलात गरम पाण्याचा आणि हीटिंगचा डिझेलवरचा बॉयलर आहे, सांभाळणारा माणूस आजारी पडलाय, दोन महिने जाशील का? पगार इथल्या दीडपट, राहणं-खाणं त्यांचं. मी हो म्हणून टाकलं. बायको म्हणाली, "महाबळेश्वरला दोन स्वेटर घालून फिरता तुम्ही."

विकत घ्यायचं म्हटलं तर बूट-जॅकेट मिळून खिशाला मोठं भगदाड, आणि मार्चनंतर ते कळव्यात घालून जायचं कुठं? म्हणून भाडं.

दुकानात माझ्यापुढे मनालीला निघालेलं चौघांचं कुटुंब होतं. मुलगा जॅकेट चढवून आरशासमोर फोटो काढत होता, वडील डिपॉझिट कमी करा म्हणत होते. माझा नंबर आल्यावर काउंटरवरच्या ताईनं विचारलं, "काका, टूर किती दिवसांची?" मी म्हटलं, 60. तिनं वहीतून डोकं वर काढलं. "युरोप?" "गुलमर्ग." "60 दिवस गुलमर्ग?" एवढंच. तिथं जाऊन करणार काय, हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढची सगळी गडबड इथून सुरू होते.

पूर्ण सेट आठवड्याला 1400 रुपये: जॅकेट, वरून घालायची वॉटरप्रूफ पँट, बूट, हातमोजे, कानटोपी. महिन्याचा भावच त्यांच्याकडे नाही. घासाघीस करून 60 दिवसांचे 7000 ठरले. डिपॉझिट 5000, उशीर झाला तर दिवसाला 100. पावती छापील, प्रत्येक वस्तूचा नंबर टाकलेली, हे आवडलं. थर्मल भाड्यानं देत नाहीत, विकत घ्यावे लागतात. दुसऱ्याच्या अंगातले थर्मल मला नकोच होते.

कपडे स्वच्छ. कुठं डाग नाही, खिशात आधीच्या माणसाचं चॉकलेटचं वेष्टण नाही. कोपऱ्यात ताईच्या सासूबाई शिलाई मशीनवर चेनी बदलत बसलेल्या असतात. मी जॅकेटची चेन लावत होतो तर त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या. माझी बोटं जाड, त्यात दोन नखं स्पॅनरखाली सापडून वाकडी झालेली. "इकडे आण ते," म्हणाल्या. लाल नाडीचा एक तुकडा घेतला, चेनच्या टोकाला ओवला, बोटभर लांबीचा फासा करून गाठीवर चार टाके मारले. "हातमोजा घालून पण धरता येईल." पैसे नाही घेतले. पुढचे 69 दिवस त्या फाशाला मी दिवसातून निदान 50 वेळा हात घातला असेन. अख्ख्या सेटमधली सगळ्यात कामाची वस्तू कोणती विचाराल तर ती नाडी.

पंख्याखाली जॅकेट घालून पाच मिनिटं उभा राहिलो, तर पाठीवरून घामाची धार. ताई हसून म्हणाली, "इथं घाम आला म्हणजे तिथं ऊब मिळणार." हे तिचं चुकलं, पण ते कळायला मला महिना लागला.

आता तिथलं सांगतो, नाहीतर कपड्यांना नावं ठेवतोय असं वाटेल.

श्रीनगरहून टंगमर्गला गाडी, तिथं टायरांना साखळ्या लावायच्या, मग 13 किलोमीटर घाट. गुलमर्ग 2650 मीटरवर. आपलं कळसूबाई 1646, म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढा आणि मग कामाला लागा. स्की करणारे तिथून गोंडोलानं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्यांच्या रोपवेनं, वर जातात, दोन टप्प्यांत: पहिला कोंगडूरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या धारेवर, 3900 मीटरच्याही वर. पहिला टप्पा 1998 चा, दुसरा 2005 चा, दोन्ही फ्रेंच बनावटीचे. मशीनवाल्याला असलं काही विचारल्याशिवाय राहवत नाही.

मी पोचलो तेव्हा चिल्लई कलान चालू होता. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस, तिथला सगळ्यात कडक काळ. त्याच्यामागून 20 दिवसांचा चिल्लई खुर्द, मग 10 दिवसांचा चिल्लई बच्चा. मी तिघांचाही पाहुणचार घेतला. गंमत म्हणजे जानेवारी बराचसा कोरडा गेला. थंडी हाडात शिरणारी, पण बर्फ बेताचा. तेवढ्यात ठाण्याच्या सेटचं काही बिघडलं नाही. जॅकेट उबदार, टोपी छान, मी घरी फोटो पाठवले, बायकोनं सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

फेब्रुवारीत बर्फ सुरू झाला तो तीन दिवस थांबलाच नाही. पहिल्या सकाळी किचनमधली पोरं एकमेकांना "शीन मुबारक" म्हणत होती. शीन म्हणजे बर्फ. दोन दिवसांनी मुबारक म्हणायचं बंद झालं आणि सगळ्यांच्या हातात फावडी आली.

बॉयलरची खोली हॉटेलच्या मागं, उतरत्या पत्र्याच्या छपराखाली. माझं काम म्हणाल तर हवा आत यायची जाळी आणि धुराडं बुजू द्यायचं नाही, डिझेलची लाइन गोठू द्यायची नाही, टाकीपर्यंतची वाट मोकळी ठेवायची. जाळी बुजली की बर्नरला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस डुलकी लागली समजून बसतो आणि उठत नाही. त्यामुळे रात्री दर दोन तासांनी उठून जाळी साफ. आणि हे करताना छपराच्या कडेखाली थांबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी तिथल्या माळ्यानं दंडाला धरून बाजूला ओढत शिकवलं. ताजा बर्फ कापसासारखा असतो, घनमीटरला 100 किलोसुद्धा भरत नाही कधी कधी. पण दोन-चार दिवस बसला, ओल धरली, की तिप्पट-चौपट. दुपारी जरा ऊन पडलं, खालून बॉयलरची ऊब लागली, की सगळा थर एकदम सुटतो. आधी करकर नाही, काही नाही. एकदा माझ्यापासून सहा फुटांवर पडला, तिथं ठेवलेली लोखंडी ढकलगाडी वाकली.

डोंगरावर हेच होतं, फक्त छप्पर मैलभर लांब. अ‍ॅव्हलांच म्हणजे सगळा डोंगर ढासळतो असं मला वाटायचं. तसं नाही. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर जुन्या बर्फात एखादा भुसभुशीत थर असतो, साखरेच्या दाण्यांसारखा. त्यावर दोन दिवसांत नवा बर्फ येऊन पडतो, वारा आणखी आणून टाकतो, आणि मग एका माणसाचं वजनसुद्धा वरची लादी सुटायला पुरतं. जानेवारी कोरडा गेला की तो साखरेचा थर जास्त तयार होतो, म्हणून फेब्रुवारीच्या बर्फाला तिथले लोक जास्त भितात. जेवताना किचनमधला एक वयस्क माणूस सांगायचा. 8 फेब्रुवारी 2010 ला खिलनमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणातले 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटवर पोलंडचे दोघं स्की करणारे. तारखा त्याला पाठ होत्या. सांगून झाल्यावर तो भात वाढून घ्यायचा आणि मग कुणी काही बोलायचं नाही.

धोका वाढला की गोंडोलाचा वरचा टप्पा बंद. पाहुणे वैतागतात, लॉबीत येरझाऱ्या घालतात, मॅनेजरला विचारतात उद्या तरी चालू होईल ना. याचा बॉयलरशी काय संबंध? सांगतो. एरवी सकाळी 10 ते 4 माणसं डोंगरावर, बॉयलरला विश्रांती. बंदच्या दिवशी सगळे खोलीत. करायला काही नाही म्हणून दुपारी परत आंघोळ. हीटर पूर्ण चढवलेले, खिडकी उघडून बर्फाचे व्हिडिओ, आणि खाली मी डिझेलच्या काट्याकडे बघत बसलेला, कारण टंगमर्गचा रस्ता बंद म्हणजे टँकरही बंद. वर अ‍ॅव्हलांचचा इशारा लागला की खाली मला ताप चढायचा.

आता परत कपड्यांकडे.

हातमोजे. पाचपैकी एक गुण, तोही रंगासाठी. वरून चकचकीत कापड, आत स्पंज, शिवणीवर कसलीही पट्टी नाही. बर्फाचा गोळा करून बायकोवर फेकायला उत्तम. फावडं धरलं की वीस मिनिटांत शिवणीतून पाणी आत, मग स्पंज भिजतो, मग तो सुकत नाही. एका रात्री दोनला बर्नर बंद पडला. साधं डिझेल अशा थंडीत मेण धरतं. फिल्टर उघडला तर आत तुपासारखा पांढरा साका. गरम पाण्यात फडकी भिजवून लाइनला गुंडाळायची, फिल्टर बदलायचा, एअर काढायची. ओल्या हातमोज्यानं नट फिरेना, काढला तर नटाला बोट चिकटायला लागलं. शेवटी किचनमधून भांडी घासायचे नारिंगी रबरी मोजे आणले, आत लोकरीचे घातले, वर ते. त्या जोडीनं मी उरलेला सीझन काढला. त्याच रात्री एअर काढायचा ब्लीड स्क्रू जास्त उघडला गेला आणि जॅकेटची डावी बाही डिझेलनं कोपरापर्यंत भिजली.

पँट बरी. गुडघ्यावर झिजली नाही, पाणी आत आलं नाही. पण आतला घामही बाहेर गेला नाही, आणि जॅकेटचं तेच. खरी थंडी मला बर्फानं कधी वाजली नाही, घामानं वाजली. जॅकेट घालून अर्धा तास फावडं मारलं की आतला बनियन पिळून काढावा असा. काम थांबलं, वारा लागला, की दातांवर दात. ठाण्यात त्या पंख्याखाली आलेला घाम मला हेच सांगत होता. तो माळीच एकदा म्हणाला, "पहले जैकेट उतारो, फिर बेलचा उठाओ." तेव्हापासून थर्मल आणि स्वेटरवर काम करायचं, जॅकेट बॉयलरच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं, कोरडं, गरम. फावडं खाली ठेवलं की लगेच अंगात, लाल नाडी ओढायची, चहा. असं वापरलं तर जॅकेट सोन्यासारखं आहे. त्याला मी साडेचार देतो.

बूट हा भांडणाचा विषय. आधी मी माझे वागळे इस्टेटचे सेफ्टी शूज घालून बघितले, तर पुढची स्टीलची टोपी बोटांतली सगळी ऊब ओढून घ्यायची, तासाभरात अंगठे बधिर. मग दुकानाचे घातले. आत फर, वर लेस, दिसायला दणकट. तळ मात्र गुळगुळीत, तुडवून कडक झालेल्या बर्फावर म्हणजे साबण. सुतळी गुंडाळून चाललो काही दिवस. दुकानातल्या पोरानं "दोन मोजे घाला काका" म्हणून सांगितलं होतं, ते घालून बूट इतका घट्ट झाला की पाय आणखी गार. एकच जाड मोजा घातल्यावर बरं झालं. आणि मग फेब्रुवारीच्या अखेरीस उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला, जीभ बाहेर काढल्यासारखा.

तेव्हा गुलमर्गच्याच एका भाड्याच्या दुकानात गेलो. लाकडी टपरीच ती, आत स्कीच्या जोड्या उभ्या केलेल्या. विशीतला पोरगा. मी बूट मागितले तर त्याचा पहिला प्रश्न: "काम है या घूमना?" मग माझा फाटका बूट उलटा करून बघितला, सुतळीच्या खुणा बघितल्या, कुठल्या हॉटेलात, छपरावर चढतोस का, दिवसाला किती तास बाहेर, सगळं विचारलं. मगच खोल दातांचे, आतला अस्तरमोजा वेगळा काढून सुकवता येईल असे बूट दिले. महाग होते, पण एकदाही घसरलो नाही.

माझ्यासमोर तो एका गिऱ्हाइकाला वर न्यायचं सामान देत होता. बीकन, म्हणजे छातीला बांधायचं यंत्र, 457 किलोहर्ट्झवर सतत सिग्नल सोडतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्यावर टाकून त्याला हुडकायचं. त्यानं बॅटरी किती टक्के ते बघितलं, समाधान झालं नाही म्हणून नवी अल्कलाइन घातली. गिऱ्हाइकाला दहा पावलं लांब पाठवून सिग्नल येतो का बघितलं. मोबाइल त्याच खिशात ठेवला होता तो काढून दुसरीकडे ठेवायला लावला. बर्फात खुपसायची लांब काठी आणि घडीचं फावडं, तिन्ही एकत्र घेणार असशील तर घे म्हणाला, नाहीतर बीकन एकटं देत नाही. कारण गाडलेल्या माणसाला पहिल्या 15 मिनिटांत काढलं तर तो बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी, आणि हातानं उकरायला लागलं तर ती 15 मिनिटं पुरत नाहीत. गिऱ्हाईक घाईत होतं, दुकानदार नव्हता.

मला ठाण्याची ताई आठवली. "युरोप?"

माझे 60 दिवस 5 मार्चला भरले. त्याच आठवड्यात पुन्हा बर्फ, रस्ता बंद, श्रीनगरची विमानं रद्द, आणि माझ्या जागी येणारा माणूस खाली अडकलेला. बॉयलर सोडून निघणार कसा? दुकानाला कळवायचं तर माझं सिम प्रीपेड, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडं चालत नाही. हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सअॅप टाकला, तेवढ्यात लाइट गेली. तो मेसेज दोन दिवस माझ्याच फोनमध्ये अडकून होता. 14 मार्चला कळव्याला पोचलो, दुसऱ्या दिवशी सकाळी नौपाडा.

ताईनं पावती काढली आणि हिशोब केला. उशिराचे 900, बुटाचे 1500, हातमोज्यांचे 300. पाच हजारांतले 2300 परत. मी तापलो. म्हटलं रस्ता मी बंद केला होता का? तिनं शांतपणे विचारलं, "तळ कसा सुटला, काका?" खरं सांगावं लागलं. ओले बूट सुकवायला मी रोज रात्री बॉयलरच्या गरम पाइपाला टेकवून ठेवत होतो. 22 वर्षं पाइपांत काढली आणि गोंद उष्णतेनं सुटतो हे सुचलं नाही. "मग?" ती म्हणाली. मी म्हटलं पण तळ गुळगुळीत होता त्याचं काय, असल्या बुटावर माणूस काम करेल कसा? तर तिनं काउंटरखालच्या कप्प्यातून एक जोड काढून समोर ठेवला. खोल दात, निघणारा अस्तरमोजा, जवळपास त्या पोरानं दिला तसाच. "हे आहेत की माझ्याकडे. ट्रेकवाल्यांसाठी. काम करणार म्हणाला असतात तर हेच दिले असते."

"मग विचारलंत का नाही?"

"तुम्ही सांगितलंत का नाही?"

मशीनवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो काय हौसेनं बसला होता का नऊ दिवस तिथं?" ताईनं उशिराचे 900 खोडले. बुटाचे आणि हातमोज्यांचे 1800 कापले. बुटाचे मला मान्य, हातमोज्यांचे अजून नाहीत. त्या हातमोज्यांचे 300 मागणं हा विनोद आहे, आणि तो मी तिथंही बोलून दाखवला.

सगळं मिळून साडेतीन तारे देतो. मनाली, सिमला, काश्मीरची आठवड्याची टूर असेल तर बिनधास्त जा, हातमोजे तेवढे दुसरीकडून घ्या. हॉटेलात, किचनमध्ये, ड्रायव्हर म्हणून, कशाच्याही कामाला निघाला असाल तर जिना चढल्या चढल्या आधी ते सांगा, आणि काउंटरखालचा कप्पा उघडायला लावा. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, जिन्यातच अर्धा तास जातो.

मागच्या आठवड्यात थर्मल घ्यायला भाच्याला घेऊन गेलो होतो. माझं जॅकेट रॅकवर लागलंय, काळं, लार्ज, 41 नंबर. दोनदा धुतलं म्हणे, तरी डाव्या बाहीला नाक लावलं तर डिझेलचा वास येतो, म्हणून कुणी घेत नाही. नाडी अजून आहे. थोडं कमी करून मागा, देतील.